दादा, घाटात तुला भूक लागली होती का?

दादा, विहारातली भांडी आज सकाळी परत केली. पातेली, झारे, ताटं, सतरंज्या, सगळं घासून-पुसून दिलं. मंडपवाल्याचे बांबू अजून अंगणात आहेत, दुपारी नेतो म्हणाला. तुझ्या कारखान्यातून वहिनीला मिळायच्या पैशांच्या कागदांचं तुझ्या लॅबमधले काझीभाई बघतात. तुझे बूट उन्हात ठेवलेत. ते कुणाला द्यायचे हे ठरलं नाही, म्हणून माझ्या यादीत तेवढी एक ओळ राहिली आहे.

तू असतास तर म्हणाला असतास, "सचिव मॅडम, जरा बसा की." बसले आहे. तुझ्याच ओट्यावर, तुझ्याच खुर्चीत. खरं सांगते, फार थकले आहे. रडून नाही. रडायला सवडच मिळाली नाही. तुझ्याविषयी एकच प्रश्न दहा जणांनी दहा प्रकारे विचारला आणि प्रत्येकाला उत्तर देऊन थकले आहे. "खात काय होता हो तो?"

त्यातल्या नऊ जणांची मला फिकीर नव्हती. दहावी माय होती.

तू गेलास त्या दिवसापासून मायनं भाकरीला हात लावला नाही. चहा घ्यायची, फार झालं तर एखादं केळं. मी ताट वाढलं की ती भाकरीकडं बघायची आणि ताट सरकवायची. "माझा लेक उपाशी गेला," एवढंच म्हणायची. वहिनी सांगायच्या, अहो, आदल्या दिवशी मटण खाल्लं, रात्री अंडी खाल्ली. माय म्हणायची, "अंडं म्हंजे काय जेवण हाय का? भाकर कुटं व्हती त्याच्या पोटात?"

आता तू सांग, यावर मी काय बोलणार होते? हेच तर मी तुला इतकी वर्षं म्हणत आले.

तू भाकरी सोडलीस ती बाबा गेल्यानंतर. बाबांना शुगर होती, मग हृदयाचं निघालं, आणि तुझ्या तपासणीत डॉक्टर म्हणाले की तूही काठावर आहेस. दुसरा कुणी असता तर चहातली साखर अर्धी केली असती आणि संध्याकाळी कॉलनीत दोन फेऱ्या मारल्या असत्या. तुझं अर्धं काही नसायचं. भाकरी बंद, भात बंद, साखर बंद, गूळ बंद. तेही कुणी करावं? सहकारी साखर कारखान्याच्या लॅबमधल्या केमिस्टनं. हंगामात दिवसभर उसाच्या रसाचे नमुने तपासायचे, साखरेचा उतारा किती पडला ते लिहायचं, मळीच्या वासात घरी यायचं आणि बिनसाखरेच्या चहात लोण्याचा गोळा टाकून प्यायचा. काझीभाई म्हणायचे, "क्या करें, ताई, हमारे साब की चाय पे तो मक्खी भी नहीं बैठती."

आणि तू फेऱ्या मारल्या नाहीस, पळत सुटलास. आधी कॉलनी, मग फाटक, मग धरणाचा रस्ता.

पहिले काही आठवडे तुझे हाल मी पाहिलेत. डोकं दुखायचं, पाय ओल्या पोत्यासारखे व्हायचे, जिना चढताना कठडा धरायचास. मी म्हणाले, बघ, अंगात पेट्रोलच नाही. तू म्हणालास, "शालू, पेट्रोल काढून डिझेल भरतोय. इंजिन बदलायला वेळ लागतो." मग तुला कळलं की मीठ कमी पडतंय. लिंबू-मीठ-पाणी सुरू केलंस, आणि हळूहळू डोकं दुखायचं थांबलं. पुढं पुढं तू सकाळी काही न खाता निघायचास आणि उन्हं वर येईपर्यंत पळून यायचास. वेग नव्हता. तुझ्या शेजारून सायकलवरचा म्हातारा पुढं जायचा. पण तू थांबत नव्हतास. "वेगासाठी साखर लागते," तू म्हणायचास, "मला वेग नको. मला लांब जायचंय. चरबी भरपूर हाय अंगात, ती जाळत जायचं."

मी दूध संस्थेची सचिव. माझं सगळं आयुष्य दुधाची फॅट मोजण्यात गेलं. तू साखर मोजायचास आणि तूप खायचास. मी फॅट मोजते आणि माझा दिवस भाकरीशिवाय उगवत नाही. तू म्हणायचास, माझं इंधन तुझ्या संस्थेत आणि तुझं माझ्या कारखान्यात, आपल्या बदल्या करून घेऊ. आपलं भांडण रविवारी फोनवर व्हायचं. मी म्हणायचे, अर्धी भाकरी खा, नाही कोण म्हणतंय. तू म्हणायचास, "अर्धी भाकरी म्हंजे दोन्ही इंजिनं बंद."

मी तरी फोनवर भांडायचे. माय समोर बसून भांडायची, आणि तिचं भांडण वेगळं होतं. तिनं बाहत्तरच्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडली. कामावर वाटलेली सरकारी सुकडी खाऊन दिवस काढले. तिच्या लेखी भाकरी म्हणजे जेवण नव्हे, भाकरी म्हणजे आपण जगलो याची खूण. तिनं थापलेली भाकरी तिचाच लेक ताटातून उचलून बाजूला का ठेवतो, हे तिला कधी कळलं नाही. "तुला काय दुष्काळ पडलाय का रं?" असं ती विचारायची.

बुद्धपौर्णिमेची खीर आठवते? विहारातून खीर यायची, ती तू दरवर्षी दोन्ही हातांनी घ्यायचास, कपाळाला लावायचास आणि माझ्या वाटीत ओतायचास. एकदा माय चिडली. "सुजाताच्या हातची खीर खुद्द बुद्धानं खाल्ली. उपासानं काय मिळत न्हाई म्हणून खाल्ली. तू त्याच्याहून मोठा लागून गेलास का रं?"

तू म्हणालास, "माय, बुद्धाला दुसऱ्या दिवशी सकाळी पळायचं नव्हतं."

सगळे हसले. मायसुद्धा हसली. पण मी तिचा चेहरा नंतर पाहिला, स्वयंपाकघरात. ती तुझी ठेवलेली भाकरी फडक्यात गुंडाळत होती. टाकत नव्हती. संध्याकाळी म्हशीला घालायची.

मग ते वर्ष आलं, धरण मृतसाठ्यात गेलं ते. कारखान्याचा बॉयलर त्या हंगामात पेटलाच नाही. जो काही ऊस उभा होता तो तोडून छावणीत गेला, जनावरांना. तू छावणीच्या कडेला उभा राहून बघत होतास आणि म्हणालास, "शालू, यंदाचा उतारा म्हशींनी खाल्ला." माझ्या संस्थेत दूध निम्म्यावर आलं. वाळला कडबा खाऊन म्हशी आटल्या होत्या, पण जे दूध यायचं त्याला फॅट चांगली लागायची. त्याचाही तू मुद्दा केलास. "बघ, उपाशी जनावर बी फॅटवरच चालतं."

कामाला जाऊन बसून यायचं, एवढंच तुझं काम उरलं होतं. सगळ्या कॉलनीवर अवकळा आली होती. माणसं ओट्यावर बसून आभाळ बघायची. तेव्हा तू फोन केलास, "मी तुझ्याकडं येतो. पळत."

माजलगावहून युसूफ वडगाव. तेलगाव, धारूरचा घाट, केज, आणि मग माझं सासर. मी म्हणाले, एस.टी. बंद पडलीय का? तू म्हणालास, "गाडी घेऊन मागं यायला कुणीतरी पाहिजे. तुझ्यासारखं नीटनेटकं कुणी न्हाई."

याला नाही म्हणता येत नाही हे तुला माहीत होतं.

मी आदल्या दिवशी आले आणि स्कूटीच्या डिकीत सगळं लावलं. उकडलेली अंडी, भाजलेले शेंगदाणे, तीळ-खोबऱ्याचे तुपात वळलेले गोळे, ताकाची बाटली, लिंबू-मीठ-पाणी, कोरडे मोजे, चिकटपट्टी. आणि एका कोपऱ्यात, कागदात, गुळाचा खडा. लपवला नव्हता. तुला दिसेल असाच ठेवला होता.

"हे काय हाय?"

"माझा डबा."

"तू तर गाडीवर बसणार हायस."

"गाडीवरच्या माणसाला भूक लागते. माणूस हाय ना."

माय दारात उभी होती. मला म्हणाली, "त्याच्याकडं ध्यान ठेव. पडला तर गूळ दे, त्याला इचारत बसू नगंस."

तो रस्ता मला अजून तसाच्या तसा दिसतो. दोन्हीकडं पांढरं पडलेलं रान आणि मधे तुझी पाठ. एक टँकरवाला थांबला आणि मला विचारलं, "ताई, ह्यांच्या मागं कोण लागलंय?" मी म्हणाले, मीच लागलेय. गावाच्या फाट्यावर बायका घागरी लावून टँकरची वाट बघत बसल्या होत्या. मी बाटली काढली तर तू मान हलवलीस. ओठ सुकले होते तुझे, तरी वळण ओलांडून, त्या बायका दिसेनाशा झाल्यावर प्यायलास. पुढच्या प्रत्येक गावात तसंच. मी चिडले, कारण माझं पाण्याचं सगळं गणित चुकत होतं. तू म्हणालास, "त्यांच्यासमोर कसं पिऊ, शालू?" तेव्हापासून गाव दिसलं की मीच गाडी पुढं नेऊन वळणापलीकडं उभी राहू लागले.

मग घाट आला, आणि तू चालायला लागलास. हात गुडघ्यांवर टेकून, एकेक पाऊल. ऊन डोक्यावर आलं होतं. एका वळणावर मी गाडी लावली आणि डिकी उघडली. गूळ काढला, कागद सोडला आणि हात पुढं केला. कठड्यावर बसून तू तो खडा हातात घेतलास, नाकाशी नेलास, उजेडात धरून पाहिलास.

"रंगासाठी लई चुना मारलाय ह्याला. कुटल्या गुऱ्हाळाचा आणलास?"

"दादा, खा मुकाट्यानं."

"कावून?"

"कारण तुला भूक लागलीय. दिसतंय मला."

तू हसलास. मग हसणं संपवून, अगदी नीट, शाळेतल्यासारखं मला सांगितलंस, "भूक न्हाई ही. पाय जड झालेत. चढाला माझं इंजिन कमी पडतं, ते मला बी माहीत हाय. पण भूक निराळी. भूक मायनं बघितलीय. मी न्हाई बघितली. तिनं बघू दिली न्हाई."

आणि गूळ माझ्या हातात परत ठेवलास.

घाट तू चालतच चढलास. धारूरची वेस दिसल्यावर दोन अंडी खाल्लीस, ताक प्यायलास आणि परत पळायला लागलास. मला वाटलं होतं केजच्या अलीकडं पडशील. पडला नाहीस. उलट केजच्या पुढं तुझी बडबड वाढली. मी मागून हॉर्न वाजवून गप्प करत होते. संध्याकाळी आमच्या संस्थेच्या ओट्याशी आलास तेव्हा दूध घालायला माणसं रांगेत होती. तू रांगेच्या शेवटी उभा राहिलास आणि तुझी पाळी आल्यावर बोट पुढं केलंस. "मॅडम, माझं बी सॅम्पल घ्या. किती फॅट उरली बघा." आमची गवळी मंडळी अजून ते सांगतात.

त्या संध्याकाळी मी तुला म्हणायला हवं होतं, दादा, तुझं खरं निघालं. मी म्हणाले, "घाटात चाललास. गूळ खाल्ला असतास तर पळाला असतास." तू म्हणालास, "चाललो म्हणून पोचलो." तेच भांडण आपण पुढं कितीतरी रविवार चालवलं. त्यात मजा होती, ते मिटावं असं मला वाटत नव्हतं. तुलाही वाटत नसणार. गेल्या रविवारी तू म्हणालास, "पुढच्या बारीला घाट तू पळ, मी गाडीवर बसतो. तुझा गूळ खिशात घेऊन." मी म्हणाले, बघू. आपलं शेवटचं बोलणं तेवढंच. बघू.

त्यानंतर त्या सकाळी तू धरणाच्या रस्त्यावरून पळून आलास, कॉलनीच्या फाटकाशी बूट सोडायला बसलास, आणि उठला नाहीस. वॉचमनला वाटलं दम खातोय.

डॉक्टर म्हणाले, हृदय. मी विचारलं, खाण्यामुळं? पळण्यामुळं? ते म्हणाले, वडिलांचंही असंच झालं होतं ना? आणि मग म्हणाले, ताई, नक्की नाही सांगता येत. मला न सांगता येणाऱ्या गोष्टी आवडत नाहीत, तुला माहीत आहे. पण ही तशीच राहणार. तुझं खाणं बरोबर होतं का, तुझ्यासारख्या माणसाला, आपल्या घरातल्या हृदयाला ते मानवणारं होतं का, हे मला माहीत नाही. कुणी मला हे विचारलं तर मी हेच सांगेन.

पण कुणी विचारत नव्हतं. सगळे सांगतच होते. मामा म्हणाले, "तुपानं नेला पोराला." शेजारचे म्हणाले, पळण्यानं नेला. आणि सगळे शेवटी माझ्याकडं वळायचे. "शालू तर आधीपासनं सांगत व्हती, भाकर खा म्हणून." जणू मी जिंकले होते. इतक्या वर्षांत आपलं भांडण जिंकणं मला पहिल्यांदाच नको झालं होतं.

काल तुझ्या पुण्यानुमोदनाला माय स्वतः म्हणाली, खीर करा. मी तांदूळ, दूध, साखर काढून दिलं. वंदना झाली, लोक बोलले, काझीभाई नुसते उभे राहिले आणि खाली बसले. मग पंगत बसायच्या आधी माय उठली, एक वाटी खीर घेतली आणि तुझ्या फोटोपुढं ठेवली. मामा हळूच म्हणाले, "आक्का, आपल्यात निवद न्हाई ठेवत."

"निवद कोण म्हणतंय?" माय म्हणाली. "लेकाला वाढलंय."

माय त्या वाटीजवळच खाली बसली आणि तिनं मला हाक मारली. "शालू, हितं ये. तू त्याच्या मागं मागं गेलतीस त्या दुष्काळात. समद्या रस्त्यानं. तू बघितलंस. खरं सांग, त्याला भूक लागली व्हती का?"

दादा, तिथं पन्नास माणसं होती आणि निम्म्यांना माझं उत्तर ठाऊक होतं. मामांनी तर मान डोलवायला सुरुवातही केली होती.

मी म्हणाले, "न्हाई, माय. त्याला भूक लागली नव्हती. मी गूळ हातात दिला, त्यानं परत दिला. पाय जड झाले म्हणाला, भूक न्हाई म्हणाला. दिवसभर पळून माझ्या दारात चेष्टा करत उभा राहिला. उपाशी माणूस तसा न्हाई दिसत."

आणि मग घाटातलं ते वाक्य सांगितलं, जसंच्या तसं. भूक मायनं बघितलीय. मी न्हाई बघितली. तिनं बघू दिली न्हाई.

हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तर तुझी बाजू वर गेली असती, आणि मला वाटत होतं, रविवार पुष्कळ पडलेत.

मायनं वाटी फोटोच्या आणखी जवळ सरकवली. मग म्हणाली, "आन मग इतकी वर्सं तू त्याच्याशी कावून भांडत व्हतीस?"

"तो ऐकत नव्हता म्हणून," मी म्हणाले.

"त्यानं कुणाचं ऐकलंय," माय म्हणाली. पदरानं तोंड पुसलं. वाटीकडं बोट केलं. "उचल ती. तो काय खायाचा न्हाई. उगं माश्या बसतील."

खीर मी खाल्ली. दरवर्षीप्रमाणे तुझ्या वाटणीची मीच.

आज सकाळी भांडी देऊन आले तर माय चुलीपुढं बसली होती. तिनं स्वतः थापली नाही, मला थापायला लावली. एकच. ताटात भाकरी, अंबाड्याची भाजी, लसणाची चटणी. मी तूप वाढायला घेतलं, तेव्हा हात थोडा सैल सुटला. मुद्दाम नाही. हाताला तुला पाठवायच्या डब्यांची सवय झाली आहे.

तिनं ताटाकडं पाहिलं. "लई घातलंस."

"काढू का?"

"असू दे," ती म्हणाली, आणि भाकरीचा तुकडा तुपात बुडवला.

गुळाचा खडा अजून डिकीत आहे, दादा. तोच नाही, दर पावसाळ्यात पाघळतो म्हणून बदलत आले. आज संध्याकाळी मी युसूफ वडगावला परत निघेन. घाटातल्या त्या वळणावर गाडी लावणार आहे आणि तिथून माथ्यापर्यंत चालणार आहे. पळणं मला जमायचं नाही. गूळ खिशात असेल. भूक लागली तर खाईन, आणि लागली की नाही ते तुला सांगेन.